हात बसण्याचा ऋतू

“अजून हात बसलेला नाही तुझा. बसेल.” वाईच्या आत्याने अनारशाचा पहिला घाणा झाऱ्यावर उचलता उचलता हे वाक्य उच्चारले, तेव्हा तिच्या स्वरात दोष नव्हता आणि समजूतही नव्हती; आभाळ भरून आले की पाऊस येईल असे म्हणावे, इतक्या सहजतेने ती एका घडणाऱ्या गोष्टीची वार्ता सांगत होती. कढईतला तो अनारसा कडेने फाटला होता, त्याची जाळी एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ पडली होती. पण माझे लक्ष त्याच्यावरून उडून त्या वाक्यातल्या क्रियापदावर जाऊन थांबले. हात बसणे. आपण मराठी माणसे हे शब्द किती सहज वापरतो, आणि त्यांत केवढी अनुभूती साठवलेली आहे! धडा पाठ होतो, विद्या येते, कला साधते; हात मात्र बसतो. घडी बसते, जम बसतो, कापडावर रंग बसतो, आणि ओंजळीत घेतलेल्या गढूळ पाण्यातला गाळ हळूहळू तळाशी बसतो. कौशल्यासाठी हे शेवटचे बसणे भाषेने निवडले असावे, असे मला त्या आश्विनातल्या दुपारी, तुपाच्या मंद दरवळात प्रथमच जाणवले.

कारण दाराबाहेर तेच घडत होते. भाद्रपदापर्यंत तांबडीलाल होऊन घाटाच्या पायऱ्या गिळत वाहणारी कृष्णा आता मागे सरली होती, आणि गणपती घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या एकेक करून, धुतल्या अंगाने, वर येत होत्या. सकाळी वाकून पाहिले की पाण्याखालच्या पायरीवरचा खडा दिसे. पाणी कोणी गाळले नव्हते, तुरटी फिरवली नव्हती. वरचा लोट थांबला, पाण्याला निवांतपणा मिळाला आणि ते आपले आपण निवळले. आपल्या पूर्वसूरींना या निवळण्याचे केवढे अप्रूप होते! अगस्तीचा तारा उगवला की जळे प्रसन्न होतात ही जुनी श्रद्धा कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाच्या आरंभी गुंफली आहे, आणि ‘ऋतुसंहारा’च्या तिसऱ्या सर्गात तर त्याने शरदाला काशफुलांचे वस्त्र नेसवून नववधूच्या रूपात आपल्यासमोर उभे केले आहे. ही नववधूची कल्पना मला आज निराळ्या अर्थाने मोहवते. नववधू म्हणजे घरात नुकतीच आलेली, सगळे शिकायला उत्सुक असलेली. आणि शरद हा आपल्याकडे खरोखरच घर शिकण्याचा ऋतू आहे.

हे शिकणे नेमके शरदातच का यावे, याचा विचार केला तर त्यामागची निसर्गाची सोय मनाला सुखावून जाते. पावसाळ्यात पीठ सादळते, खळ वाळत नाही, बांबूच्या कामटीला ओल धरते, आणि वाफ्यात टाकलेले बी पाण्याच्या लोटाबरोबर वाहून जाते. थंडीत पीठ आंबायला वेळ लागतो, उन्हाळ्यात कोवळे रोप कोमेजते. आश्विन-कार्तिकाच्या या दोन महिन्यांत मात्र दिवसा टोचणारे ऊन, रात्री अंगावर शिरशिरी आणणारा गारवा, कोरडी होत गेलेली हवा आणि अजून ओल राखून असलेली माती हे सारे एकाच वेळी हाताशी असते. वाळवायला ऊन, थिजवायला रात्र, रुजवायला ओल. घरातल्या शिकाऊ हाताला याहून समंजस शाळा कोणती मिळणार?

या शाळेचा पहिला दिवस म्हणजे आश्विन शुद्ध प्रतिपदा. त्या दिवशी घरोघर घट बसतात, आणि पाहा, इथेही तेच क्रियापद आहे! पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरायची, तीत सात धान्ये पेरायची, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा, वर रोज एक माळ चढवायची आणि पाण्याचे शिंतोडे द्यायचे. कित्येक घरांतल्या मुलांनी आयुष्यात केलेली ही पहिली पेरणी असते. तिचे नियम किती थोडे आहेत, आणि त्यांतला एक किती मोलाचा! नऊ दिवस घट हलवायचा नाही. माती उकरून कोंब आला का ते पाहायचे नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला बारीक भेगा जातात, गव्हाची टोके सुईसारखी वर येतात, आणि देवघराच्या अपुऱ्या उजेडात ती पिवळसर, लांबसडक, रेशमी होत वाढतात. दसऱ्याला ते अंकुर कुणाच्या टोपीत, कुणाच्या वेणीत खोवले जातात. त्या हळदुल्या पात्याचा थंड स्पर्श कानामागे झाला की ज्या मुलाने नऊ दिवस केवळ शिंतोडे दिले आणि वाट पाहिली, त्याला आपण काही रुजवले आहे याचा साक्षात अनुभव येतो. शेतीशास्त्राचा इतका लहान आणि इतका मंगल पाठ मला दुसरा माहीत नाही.

देवघरातून परसात यायला मग वेळ लागत नाही. आत्याच्या वाड्यामागे चार हात रुंदीचा एक वाफा आहे; दसरा उलटला की तिथे धणे आणि मेथी पडते. मेथी उदार स्वभावाची, मूठभर दाणे विखुरले आणि माती सारली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती दोन गोल पाने जोडून नमस्कार करत वर येते. धणे मात्र हाताला काही तरी मागतात. आपण ज्याला धण्याचा दाणा म्हणतो, ते खरे तर एक इवलेसे फळ. त्याच्या पोटात दोन बिया पाठीला पाठ लावून झोपलेल्या असतात. त्यांना वेगळे केल्याशिवाय पेरले तर उगवण उशिरा आणि विरळ. म्हणून धणे फडक्यावर पसरून वरून लाटणे फिरवायचे, आणि हा फिरवण्याचा जोर म्हणजे सगळी विद्या! हलका पडला तर दाणा तसाच राहतो, जड पडला तर बीच चिरडते. त्या दोहोंच्या मध्ये कुठे तरी एक बारीकसा ‘टक्’ आवाज होतो, दाणा दुभंगतो, आणि लाटणे धरलेल्या तळव्याला तो आवाज कानाच्या आधी कळतो. मग आठ-दहा दिवस वाफ्याकडे केवळ पाहत राहायचे. एका धण्याचे दोन होतात हे मी पुस्तकात वाचले असते तर विसरलो असतो. तळव्याने ऐकलेला तो ‘टक्’ मात्र विसरता येत नाही.

आणि आता अनारसा. दिवाळीच्या फराळात तो मुकुटमणी आहे, आणि त्याची निर्मिती इतकी मंद लयीत होते की तिचा एकेक टप्पा वेगळा काढून, उजेडात धरून पाहावासा वाटतो. आधी तांदूळ. तो जुना हवा. नव्या तांदळात चिकटपणा फार. तो तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचे. पहिल्या दिवशी दाणा काचेसारखा टणक, दुसऱ्या दिवशी दुधी, तिसऱ्या दिवशी बोटांच्या चिमटीत सहज चुरडणारा. आणि पाण्याला येणारा किंचित आंबूस वास, जो पुढे पदार्थात कुठेही ओळखू येत नाही, पण ज्याच्यावाचून अनारशाला त्याची स्वतःची चव येत नाही. भांड्यावर झाकण ठेवून आत्या म्हणे, “आता त्याला राहू दे.” मी तीनदा झाकण उघडून पाही, ती काहीच बोलत नसे, फक्त झाकण पुन्हा नीट बसवी.

मग तो उपसायचा, पंच्यावर सावलीत पसरायचा आणि अर्धवट वाळू द्यायचा. हा ‘अर्धवट’ शब्द आपण एरवी कमीपणाचा मानतो. इथे तीच पूर्णता आहे. मुठीत घेतला तर तांदळाचा लाडू वळू नये, पण तळव्याला गारवा लागावा. त्या क्षणी तो कुटायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा. पीठ दमट, हलके, शेवरीच्या कापसासारखे. त्यात किसलेला गूळ मिसळायचा, वाटीभर पिठाला साधारण पाऊण ते एक वाटी, आणि घट्ट गोळे करून डब्यात ठेवून द्यायचे. हे पीठ पाच-सहा दिवस, कधी आठ दिवसही तसेच असू द्यावे लागते. डब्याच्या आत जे चालते ते आपल्याला दिसत नाही: गूळ पिठातली ओल ओढून घेतो, स्वतः पाझरतो, पिठाच्या कणाकणाला लपेटतो, आणि आठवड्याने डबा उघडला की कोरडा, भुरभुरणारा गोळा मऊ, चकचकीत, लोण्यासारखा झालेला असतो. आपण पाणी घातलेले नसते, दूध घातलेले नसते. आपण फक्त हात आवरलेला असतो.

कढईपाशी मात्र सारे कसब क्षणांत एकवटते. खसखशीवर गोळी ठेवून बोटांच्या टोकांनी ती थापायची, मध्यापासून कडेकडे, सगळीकडे सारखी. खसखशीची बाजू वर ठेवून तिला मंद तुपात सोडायचे आणि झाऱ्याने कडेचे तूप हळूहळू तिच्या अंगावर उडवायचे. उलटायचे नाही, कधीही नाही. तूप फार तापलेले असेल तर अनारसा जाळी पडण्याआधीच तांबूस होऊन बसतो. निवलेले असेल तर तो तुपात पसरत पसरत विरून जातो. योग्य आचेवर त्याच्या आतली ओल वाफ होऊन वाट शोधते, आणि तिने शोधलेली प्रत्येक वाट म्हणजे जाळीतले एक छिद्र. आपण ज्या जाळीदारपणाला सौंदर्य म्हणतो, तो खरे म्हणजे निघून गेलेल्या पाण्याच्या पाऊलखुणांचा नकाशा आहे! अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण देतात, तेही जाळीदार पदार्थांचे म्हणूनच. या छिद्रांना आपल्या परंपरेने केवढा मान दिला आहे, हे त्यातून उमगते.

आणि बिघडलेल्या अनारशाला मराठी स्वयंपाकघराने दिलेला शब्द तर एखाद्या श्रेष्ठ कवीला सुचावा तसा आहे. तुपात फाटून, विरघळून पसरलेला अनारसा ‘हसतो’. आठ-दहा दिवसांचे कष्ट कढईत विस्कटताना पाहून त्याला रडणे म्हटले असते तर कुणी दोष दिला नसता. पण आपल्या आज्या-पणज्यांनी त्या फाटलेल्या, रुंदावलेल्या कडांत हसू पाहिले. शिकणाऱ्याला याहून मोठे अभय कोणते? माझा पहिला घाणा हसला, तेव्हा आत्याने पिठात चमचाभर कोरडे तांदळाचे पीठ मिसळले, आच बोटभर वाढवली आणि दुसरी गोळी माझ्या हातात दिली. हसलेला अनारसाही आम्ही खाल्ला. तो कुरकुरीत आणि गोड होता, आणि हसू कोणतेही असो, त्याची चव वाईट नसते.

त्याच फराळात नानकटाईचे स्थान थोडे निराळे. अनारसा जितका तुपाचा, तितकी ही भट्टीची. तिच्या नावातला ‘नान’ फारसी भाकरीची आठवण सांगतो. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी मैदा, पिठीसाखर आणि तूप यांचा डबा घेऊन बेकरीची वाट धरली असेल, पत्र्याच्या ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवली असेल, आणि पाव निघून गेल्यावर उरलेल्या उतरत्या आचेत भाजून निघणाऱ्या त्या गोल, फिक्या चंद्रांची वाट पाहत दाराशी ताटकळत राहण्याचे सुख घेतले असेल. घरी शिकायची म्हटली तर तिचा सारा प्राण तूप फेसण्यात आहे. परातीत थिजलेले तूप घ्यायचे (शरदाच्या रात्री ते नेमके हवे तितके थिजते), त्यात तेवढीच पिठीसाखर घालायची आणि तळव्याने एकाच दिशेने फिरवत राहायचे. आधी हाताला कणी लागते. मग कणी विरते. मग रंग पिवळ्याकडून पांढऱ्याकडे सरकतो, आणि एक क्षण असा येतो की तळव्याखालचे तूप जड वाटेनासे होते. हवा आत शिरली. हीच हवा पुढे खुसखुशीतपणा होऊन जिभेवर विरघळणार असते. मग तुपाच्या दुप्पट मैदा हलक्या हाताने मिसळायचा, मळायचा मात्र नाही. मळला की पीठ चिवट होते आणि फेसून आत साठवलेली हवा हरवते. भट्टीत तिच्या माथ्यावर बारीक तडे जातात: पृष्ठभाग आधी कोरडा होतो, पोट नंतर फुगते आणि मग वरचे कवच उमलते. अनारशाचे हसणे आपण टाळतो, नानकटाईचे उमलणे आपण मागून घेतो. एकाच फराळाच्या ताटात फाटण्याच्या या दोन तऱ्हा शेजारी शेजारी बसलेल्या पाहिल्या की चव घेण्याआधीच जीव प्रसन्न होतो.

हे सगळे शब्दांत उतरवण्याचे मोठे कार्य आपल्या लेखिकांनी केले आहे, त्यांचे स्मरण इथे मनोभावे करायला हवे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ सिद्ध केले. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि माहेरापासून दूर संसार मांडलेल्या कित्येक मुलींच्या ओट्यावर आईच्या जागी उभे राहिले. वाटी आणि चमचा या आपल्या रोजच्या मापांतून बोलणारे ते पुस्तक आत्याच्या फडताळातही आहे, तेला-तुपाच्या बोटांनी पाने पारदर्शक झालेले. कोणत्या पानावर बोटांचे ठसे अधिक आहेत यावरून त्या घराची आवड ओळखता येते! पुस्तकाने प्रमाण दिले, धीर दिला, घराबाहेरच्या चवी घरात आणल्या. आणि जिथे ‘मंद आचेवर’ किंवा ‘बेताचे मऊ’ असे शब्द येतात, तिथे त्याने अदबीने बाजूला होऊन जागा हातासाठी मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेतच प्रत्येक घराची आपली चव जन्म घेते.

स्वयंपाकघरातून ओसरीवर आलो की तिथे आतोबा कामट्या तासत बसलेले असत. आकाशकंदील त्यांचा प्रांत. बांबूच्या एकसारख्या लांबीच्या चोवीस कामट्या, दोऱ्याचे रीळ, पतंगी कागद, मैद्याची खळ; संपूर्ण सामग्री एवढीच. त्यांनी मला सांगितले, “आधी सहा चौकोन बांध.” मी बांधले. मग चौकोनाच्या कोपऱ्याला दुसऱ्या चौकोनाचा कोपरा, असे करत ते सहाही जोडायला लावले. बारा गाठी मारून झाल्या आणि मी पाहतच राहिलो, कारण त्या सहा चौकोनांच्या मधोमध आठ त्रिकोण आपोआप उमटले होते. एकही त्रिकोण मी बांधला नव्हता! भूमितीच्या पुस्तकात या आकृतीला एखादे भारदस्त नाव असेल. ओसरीवर ती केवळ ‘आपला कंदील’ असते. जे केले त्यापेक्षा अधिक पदरात पडण्याचा हा आनंद हस्तकलेचा गाभा आहे, आणि तो डोळ्यांनी पाहून मिळत नाही, गाठ मारणाऱ्या बोटांनाच मिळतो.

गाठीही कशा, तर आधी सैल. सगळ्या बारा गाठी सैल ठेवायच्या, सांगाडा हातात फिरवायचा, तो आपला तोल आपण शोधतो, आणि मग एकेक गाठ आवळायची. पहिलीच गाठ करकचून आवळली तर सांगाडा एका अंगाला कलतो आणि शेवटपर्यंत कललेलाच राहतो. कागद चिकटवतानाही हाच संयम हवा. खळ बोटाने कामटीवर ओढायची, पतंगी कागद अलगद टेकवायचा आणि सोडून द्यायचा. तो आधी ओलसर, सुरकुतलेला, निराश दिसतो. अशा वेळी त्याला ओढून सरळ करण्याचा मोह आवरला नाही की तो फाटतो. ओसरीवरच्या कोरड्या हवेत तासाभराने पाहावे, तर खळ वाळता वाळता कागद स्वतःच ताणला जाऊन डमरूच्या कातड्यासारखा तंग झालेला असतो. टिचकी मारली तर वाजतो. वरचा चौकोन दिव्याची ऊब निघून जाण्यासाठी उघडा ठेवायचा, खालच्या कडांना झिरमिळ्या लावायच्या. आणि संध्याकाळी आत दिवा लागला की चौकोनांतून एक रंग, त्रिकोणांतून दुसरा, असा तो प्रकाश अंगणात उतरतो, वाऱ्याच्या झुळकीबरोबर भिंतीवर रंगीत कवडसे हेलकावतात, आणि कार्तिकात उंचावर आकाशदीप लावण्याच्या प्राचीन प्रथेची एक कोवळी, कागदी शाखा आपल्या दारात फुलून येते.

पण हा कंदील परसाच्या बाजूला टांगायला आत्याची सक्त मनाई होती, आणि त्या मनाईत या साऱ्या ऋतूचे मर्म माझ्या हाती आले. परसात तिची शेवंती होती. पावसाळ्याच्या तोंडाशी जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या काश्या वेगळ्या करून तिने त्या कुंड्यांत लावल्या होत्या, महिन्याभराने त्यांचे शेंडे खुडले होते. वाढत्या रोपाचा शेंडा खुडायला नवशिक्याचे मन धजत नाही. पण खुडलेल्या प्रत्येक शेंड्याच्या खालून तीन-चार फांद्या फुटतात आणि पुढे तितकीच अधिक फुले येतात. आश्विनात त्या झुडपांना कामट्यांचा आधार देऊन झाला होता, आणि हिरव्या, खसखशीएवढ्या कळ्या पानांच्या बेचक्यांत डोकावू लागल्या होत्या. एकाच कुंडीत मात्र कळी नव्हती. तेच खत, तेच पाणी, एकाच आईच्या काश्या. तरी ती कुंडी नुसती पानांनी दाटली होती. मी कारण विचारले, तेव्हा आत्याने भिंतीपलीकडच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवले. त्याचा उजेड रात्रभर नेमका त्या कोपऱ्यात पडत होता.

शेवंतीचे हे गुपित वनस्पतिशास्त्राने चांगले उलगडले आहे. ती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस-रात्र समसमान होतात, त्यानंतर रात्री दिवसांहून लांबत जातात, आणि लांबलेला काळोख अखंड मिळाला की शेवंतीच्या देहात कळी धरण्याची आज्ञा सुटते. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी तिची मोजणी तुटते. रात्र लांब असूनही तिला ती दोन आखूड रात्रींसारखी भासते आणि ती पानेच वाढवत राहते. किती नाजूक, किती स्वाभिमानी हे फूल! आपण त्याला खत देऊ शकतो, पाणी देऊ शकतो, आधार देऊ शकतो. पण फुलण्यासाठी त्याला आपल्याकडून हवा असतो तो न मोडलेला काळोख. आत्याने ती कुंडी उचलून कोठीच्या आडोशाला नेली. चार-पाच आठवड्यांनी, तुळशीच्या लग्नानंतर, तीही कळ्यांनी भरली. बहिणींपेक्षा उशिरा, पण तितकीच पिवळीधमक.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की आश्विनाच्या प्रतिपदेपासून मला एकच गोष्ट निरनिराळ्या रूपांत शिकवली जात होती. घट हलवायचा नाही. भिजल्या तांदळाचे झाकण उघडायचे नाही. अनारसा उलटायचा नाही, नानकटाईचे पीठ मळायचे नाही, ओला कागद ओढायचा नाही, शेवंतीची रात्र मोडायची नाही. गृहकौशल्य म्हणजे अखंड करीत राहणे अशी आपली समजूत असते, आणि ते खोटे नाही. पण त्या करण्याच्या पोटात न ढवळण्याचीही एक विद्या दडलेली असते, आणि जाणत्या हाताची खूण तिथेच पटते. आत्याचे हात मी पुष्कळदा निरखून पाहिले आहेत. ते माझ्या हातांहून वेगाने चालतात यात नवल नाही. नवल याचे, की ते थांबतात कसे सुंदर! कढईवर झारा धरून, कुंडीजवळ टेकून, डब्याच्या झाकणावर विसावून ते काही क्षण निश्चल असतात, आणि त्या निश्चलतेत पदार्थ, रोप, कागद आपापले काम करून घेतात. कृष्णेचे पाणी जसे निवळते, तसाच हात बसतो.

मुलांनाही हे ज्ञान किती लवकर होते पाहा. दिवाळीत वाड्याच्या अंगणात आत्याची नातवंडे किल्ला करतात. दगड-माती रचून, तळी खणून, गुहा कोरून झाल्यावर ती बुरुजांच्या उतारावर मूठभर अळीव विखुरतात आणि पाणी शिंपडून पोत्याने झाकून ठेवतात. पहिल्या दिवशी पोते दहादा उचलले जाते, दुसऱ्या दिवशी पाचदा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते दूर केले की मातीचा डोंगर हिरव्या मखमलीने पांघरलेला असतो. रचणे आणि रुजवणे, हस्तकला आणि बागकाम यांची इतकी सहज गाठ घालणारा हा खेळ महाराष्ट्राच्या घरोघरी आहे, आणि त्या हिरव्या उतारावर शिवरायांची मूर्ती ठेवताना चिखलाने माखलेले ते छोटे हात आपसूक हळुवार होतात.

आपणही यंदा हा ऋतू हातांनी वाचून पाहू या. फार काही लागत नाही. अंगण नसेल तर खिडकीतली एक कुंडी पुरते, भट्टी नसेल तर जाड बुडाचे झाकणाचे पातेले पुरते, आणि शिकवायला घरात कोणी नसेल तर शेजारच्या आजी आनंदाने येतात, बोलावण्याचाच काय तो अवकाश. आश्विनी पौर्णिमेपासून वद्य द्वादशीपर्यंत बारा तिथी असतात: तीन दिवस भिजण्याचे, एक वाळवून कुटण्याचा, आणि उरलेले आठ पिठाने निवांत मुरण्याचे. म्हणून कोजागरीच्या रात्री, दुधात चंद्र पाहून झाल्यावर, वाटीभर जुना तांदूळ धुऊन भिजत घालावा आणि वर झाकण ठेवावे. वसुबारसेला पीठ तयार असते.